घोडीचा पोळा

ऐंशी सालाच्या आसपास मी पवनीत टांगा हाकायचो. तेव्हाची ही गोष्ट आजही आठवली की डोकं फिरतं.

गल्लीत दारोदार बैल, माझ्या दारात एकटी घोडी. पोळ्याला बैलांना ओवाळतात, पुरणपोळी चारतात. माझं घर चालवते ती घोडी, आणि तिला काहीच नाही? मला चीड आली. तिला बेगड लावली, गळ्यात माळ घातली आणि बैलांच्या मागोमाग घरोघर फिरवली. माणसं हसली, पण बायांनी ओवाळलं. कुणी पुरणपोळी दिली, कुणी भात, कुणी पसा-पसा भिजवलेले चणे. ती खात गेली आणि माझी छाती फुगत गेली.

तिसऱ्या दिवशी जुंपायला गेलो, तर पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. पाऊल उचलेना. जन्मात घोडा न पाळलेला शेजारी म्हणाला, "नखरे करून राहिली. चालव तिले, पाय मोकळे होतीन." मी चाबूक ओढला. बस स्टँडपर्यंत नेली, परत आणली. ती कण्हत होती आणि मी तिला शिव्या घालत होतो. त्या दीडशहाण्याची जीभ हासडावी असं अजून वाटतं.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी माझा हात धरून तिच्या खुरावर टेकवला. खूर तापलेला होता.

"पोटात धान्य आंबलं की त्याचं विष खुरात उतरतं. आतलं मांस सुजतं आणि बाहेर कडक कवच. सूज जाणार कुठे? आणि अशा पायांवर तू हिला चालवलीस?" ते ओरडलेच.

चंदी, म्हणजे तिचा रोजचा दाणा, बंद केली. फक्त वाळलं गवत. चिखलात उभी केली, खुरांवर गार पाणी ओतलं. शेजारची म्हातारी रोज बादल्या भरून आणायची. आठवड्याने डॉक्टर पुन्हा आले, खूर चाचपून म्हणाले, "आतलं हाड फिरलं. ही आता टांगा ओढणार नाही. इतकं चारलं कोणी?"

मी म्हातारीकडे बोट दाखवलं. "हिनं. या गल्लीतल्या सगळ्या बायांनी."

म्हातारी बादली घेऊन तशीच उभी राहिली. "मले घोडीचं काय समजते गा? तूच तं आनली होती दारात."

मी तिच्यावर खेकसलो, घरी जा म्हणालो. ती खरं बोलली होती, म्हणूनच.