होडीचा खुंटा आणि आमचे आबा

गेल्या रविवारी तलावावर मी भांडायच्या तयारीतच गेले होते...

आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि आम्ही बोट क्लब चालवतो! हसा, खुशाल हसा. शहराबाहेरचा तलाव, पत्र्याची शेड आणि हौशी लोकांच्या वल्ह्यांच्या सात होड्या, एवढाच आमचा थाट.

पायऱ्यांपाशी होडी बांधायला दोनच खुंटे. बाकीचे लांब, दगडाधोंड्यांतून चालत जायचं. म्हणून यंदापासून दसऱ्याला होड्यांची पूजा झाली की चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जो खुंटा निघेल तो वर्षभर आपला.

मला पायऱ्यांजवळचा हवा होता, आबांसाठी. माझे वडील. सिल्लोडला त्यांची सगळी हयात विहिरीत वाकून पाणी बघण्यात गेली. आता इथं शहरात, गारखेड्याला माझ्याकडे असतात, गुडघे पार गेलेत, आणि एकदा तरी पाण्यावर बसायचं एवढीच हौस राहिलीय.

निघाला शेवटचा खुंटा, पार बांधाच्या टोकाचा! पायऱ्यांजवळचा एक गेला उस्मानपुऱ्याच्या शेखसाहेबांना. मी अदलाबदल मागितली तर म्हणाले, "ताई, आज मी बदलला तर उद्या सगळेच मागतील." अस्सा राग आला मला...

माझी होडी पायऱ्यांना लावायला दर रविवारी त्यांना होडी बाजूला घ्या म्हणावं, तर आबाच नको म्हणायचे. "लोकाला कशाला तरास?" मग सगळा हिवाळा ते गाडीत बसून लांबूनच पाणी बघत राहिले.

आणि आता उन्हाळा. दसऱ्याला काठोकाठ भरलेलं पाणी आपल्याकडं टिकतं का कधी? पण चिठ्ठ्या टाकताना एकाच्याही डोक्यात हे आलं नाही! सहा होड्या चिखलात आडव्या, आणि टोकाला, खोल पाण्यात, एकटी माझी तरंगतेय.

तर गेल्या रविवारी शेखसाहेब आले, माझी होडी सगळ्यांना पाळीपाळीनं मिळावी म्हणून विचारायला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते सरळ गाडीपाशी गेले. "आबा, तुमच्या होडीत बसायचंय. भाडं म्हणून तुम्हाला तिथपर्यंत उचलून नेतो. मंजूर?"

आबा हसले. "भाडं असंल तर मंजूर."

शेडमधली प्लास्टिकची खुर्ची आणली. चौघांनी आबांना बसवून उचललं... आबा शेखसाहेबांची कॉलर घट्ट धरून, "हळू बाबा, हळू!" मी मागं चपला घेऊन. हसू येत होतं आणि रडूही.

तलावाच्या मधोमध आबांनी पाण्यात हात सोडला. काठाला येईपर्यंत काढलाच नाही. उतरल्यावर मी हात पुसायला रुमाल पुढं केला तर म्हणाले, "राहू दे वल्ला."

शेखसाहेब, मी जागेसाठी भांडत राहिले. आबांना फुकटचे उपकार नको होते, एवढं तुम्हाला कळलं... माझ्या बापाला तुम्ही पाण्यावर नेलंत, जन्मभर ऋणी आहे मी तुमची.