राणे नाइकाची शपथ

आमची कंपनी परळला आली तेव्हा मुंबईत प्लेगचा पहिला हिवाळा चालू होता. गिरण्यांचे भोंगे वेळेवर वाजत, पण आत जाणारी माणसं थोडी. चाळीच्या चाळी कुलपं लावून कोकणात निघून गेल्या होत्या. रस्त्यात कोणी खोकला तरी लोक बाजू बदलत.

आमच्याकडे लालबागजवळच्या एका मैदानावरच्या छावणीचा पहारा होता. ज्या घरात गाठीचा रोगी सापडे, त्या घरची बाकीची माणसं इथल्या झोपड्यांत आणून ठेवत. आतल्याला बाहेर सोडायचं नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, एवढाच हुकूम. दुपारी नातेवाईक जेवण घेऊन फाटकाशी येत, भांडं खाली ठेवून मागे सरत, मग आतलं माणूस येऊन ते उचलून नेई. मी हवालदार होतो. माझ्या हाताखाली नाईक गोविंद राणे.

राणे माझ्या शेजारच्या गावचा, सावंतवाडीकडला. पलटणीत दाखल झाला तेव्हा कुस्तीत त्याची पाठ कोणी लावू शकत नव्हतं. नेम तर असा की साहेब लोक बघायला थांबत. दारू तो पूर्वीही पीत असे, पण सणासुदीला. परळात आल्यावर रोजची झाली. त्याला कारण मिळालं होतं. बाजारात जो तो सांगत होता की पोटात दारू असली की प्लेग शिवत नाही. संध्याकाळी ड्यूटी सुटली की राणे पाच-सहा शिपाई घेऊन नाक्यावरच्या दारूच्या पिठ्यात जाई. मोहाची दारू, पहिल्या धारेची.

छावणीचे डॉक्टर गिरगावातले पाठारे प्रभू होते. मोजकं बोलणारे. त्यांनी एकदा सगळ्यांना फॉल इन करून सांगितलं, "आतल्या झोपड्यांत अट्टल पिणारे आहेत. त्यांच्या घरची माणसं मेली, तीही पिणारी होती. दारूनं प्लेग अडत नाही. उलट अंगातली ताकद जाते, मग रोग आला की झुंजायला काही उरत नाही."

शिपायांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी पिठ्यात गेलेच.

मी राणेवर नजर ठेवू लागलो. सकाळी परेडला त्याचे हात थरथरत. एक घोट घेतला की थांबत. जेवणावरची वासना गेली होती. पाय सुजत, बुटांच्या नाड्या बांधता येत नसत. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसू लागला. मी विचारलं तर हसला.

"माका काय्येक जावचा नाय. तू आपली काळजी घे."

त्याची बायको काशी ठाकूरद्वारला भावाकडे राहत होती. एका रविवारी ती भावाला घेऊन आली. फाटकाबाहेर उभं राहून तिनं नवऱ्याला नीट पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. गळ्यातली पोत हातात धरून म्हणाली, "हिची शपथ आहे. आजपासून थेंब नाही."

राणेनं मान खाली घातली. "नाही घेणार," म्हणाला.

आणि त्यानं शब्द पाळला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं लोक वेगळंच बोलले. त्या संध्याकाळी शिपाई बोलवायला आले, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटत होता. पाणी प्याला तर पेला दातांवर वाजत होता. झोप लागली नव्हती. "सुटली बघ," मला म्हणाला. त्याचा चेहरा मला बरा दिसला नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तो म्हणाला, दोन दिवसांत निघून जाईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकावर त्याची पाळी होती. मी त्याच्या जागी दुसरा माणूस लावायला निघालो होतो, तेवढ्यात आरोळी ऐकली.

"हुकुमदार!"

अंधारात कोणी चालून आलं तर 'कोण आहे?' म्हणून अडवायची ही आरोळी; भर उन्हात, समोर रोजच्या बाया जेवण घेऊन उभ्या असताना, कोणी पहारेकरी ती देत नाही. मी धावलो. राणेनं मार्टिनी रायफल खांद्याला लावली होती. नळी बायांकडे. त्या जागच्या जागी थिजल्या होत्या. एकीच्या हातातून भाताचं पातेलं पडलं.

"उंदीर इले!" तो ओरडत होता. "भिंतीसून येतत! मागे सरा!"

तिथं भिंत नव्हती. उंदीरही नव्हते. मागून कोणी शिपाई कुजबुजला, "नाइकाला प्लेग लागला." सगळे चार पावलं मागे हटले.

रायफल भरलेली होती. हिसकावायला गेलो असतो तर गोळी सुटली असती. नावानं हाक मारली, ती त्याच्या कानात गेलीच नाही. मग मी परेडच्या आवाजात हुकूम दिला.

"नाईक राणे! अटेन्शन!"

त्याचे खांदे हलले.

"ऑर्डर आर्म्स!"

रायफल खाली आली. दस्ता पायाशी टेकला. डोळे अजून त्या उंदरांवरच होते, पण अंग हुकूम ऐकत होतं.

"ग्राउंड आर्म्स!"

तो वाकला, रायफल जमिनीवर ठेवली आणि सरळ उभा राहिला. मी रायफलीवर पाय दिला. त्याच क्षणी तो लाकडासारखा ताठ झाला आणि कोसळला. तोंडाला फेस. आकडी आली होती.

त्याला उचलायला कोणी पुढं येईना. शेवटी शिपाई भिकू परब आला. तोही रोज पिठ्यात जाणारा. आम्ही दोघांनी राणेला डॉक्टरांच्या तंबूत नेलं. डॉक्टरांनी काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. गाठ नव्हती.

"प्लेग नाही," ते म्हणाले. "किती दिवस झाले दारू सोडून?"

मी सांगितलं.

"अशी एका झटक्यात सोडायची नसते हो. एवढी पिणाऱ्याचं शरीर दारूवरच उभं असतं. माझ्याकडे आणायचं होतं. यकृत सुजलंय, अंगात जोर नाही."

त्यांनी करता येईल ते सगळं केलं. राणे रात्रभर उंदीर हाकलत होता. पहाटे आवाज थांबला.

काशी आली तेव्हा तोंडावर चादर होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "मीच मारलं. शपथ घातली."

"नाही बाई," डॉक्टर म्हणाले. "दारूनं मारलं. तुम्ही योग्य तेच मागितलंत. ते कसं करायचं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

तिनं चादर नीट केली. मग माझ्याकडे वळली. "भावोजी, लोक विचारतील तर काय सांगू? प्लेग सांगू?"

"तुम्हाला वाटेल ते सांगा."

तिनं खरं ते सांगितलं. ठाकूरद्वारच्या वाड्यांतून ती बायांना सांगत असे, घरचा माणूस सोडतो म्हणाला तर हात जोडा, पण आधी डॉक्टरकडे न्या.

दुसऱ्याच दिवशी भिकू माझ्यापुढं उभा राहिला. हात थरथरत होते. "हवालदारसाहेब, मला न्या." डॉक्टरांनी त्याला खाटेवर ठेवलं, मापानं थोडी थोडी कमी करत दारू सोडवली. दूध, पेज, आणि उशाशी सतत कोणी बसलेलं. तो उठला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता, पण डोळे स्वच्छ होते.

मला एक कळलं. शिपाई पिठ्यात जात होते ते फक्त प्लेगच्या भीतीनं नाही. दिवसभर रडणारी माणसं पाहायची आणि मग संध्याकाळ मोकळी, ती त्यांना खायला उठत होती. मी सुभेदारांना विचारून छावणीमागं जमीन खणून आखाडा केला. ड्यूटी सुटली की लेझीम, हुतूतू, जोर-बैठका. अंग दमलं की समुद्राच्या वाऱ्यावर बसायचं. भिकूला आवाज होता, तो भजन सुरू करी. आतल्या झोपड्यांतूनही कोणी टाळ्यांनी साथ देई. सगळे सुधारले नाहीत. दोघं पिठ्यात जातच राहिले. पण बाकीच्यांना झोप लागू लागली.

त्या ड्यूटीत आमचे दोन शिपाई प्लेगानं गेले. पलटणीच्या लाइनीत, बराकींसमोर, त्यांच्या नावाचा दगड आहे. राणेचं नाव त्यावर घेतलं नाही. दारूनं मेलेल्याचं नाव दगडावर नको, असं ठरलं.

आता आम्ही सगळे पेन्शनीत आहोत. दरवर्षी जुनी मंडळी त्या दगडापाशी जमतात, सुभेदार नावं वाचतात, आम्ही सलाम करतो. दोन नावं झाली की भिकू परब एक पाऊल पुढं येतो, अटेन्शनमध्ये उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "नाईक गोविंद राणे."

कोणी त्याला अडवत नाही. हात पुन्हा कपाळाशी जातात.