मूलच्या गिरणीत माझा आलेख चुकला

आमचे प्राध्यापक तेव्हा रेषीय नियोजन नावाचा नवाकोरा विषय शिकवत. यंत्रं मोजकी, वेळ मोजका, मग कोणता माल किती काढला तर जास्त फायदा, हे ते फळ्यावर दोन रेघा मारून दाखवत. पन्नासच्या दशकाचा शेवट होता. त्यांच्या ओळखीच्या तात्याजींची चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावी तांदळाची गिरणी होती. त्यांना हंगामाची आखणी हवी होती. जायला मी पहिला हात वर केला. खरं तर मला जंगल बघायचं होतं.

नागपूरहून सकाळची छोटी गाडी घ्यायची आणि नागभीडला बदलायची. भाकरी बांधून न्या. आणि खिडकी सोडू नका, सागाची पानं गालाला लागतात. एका चढावर आमची गाडी इतकी दमली की शेजारचे आजोबा उतरले, पळसाची पानं तोडून आले आणि आरामात पुन्हा चढले.

मूलला तात्याजींकडेच मुक्काम. तिन्ही वेळा भात, सोबत लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. पोट गच्च भरल्यावर मी गणिताला बसलो. धान उकडून, अंगणात वाळवून भरडलं की उकडा तांदूळ. तसंच भरडलं की अरवा. उकड्याला सरपण जास्त, वेळ जास्त, अंगणही मोठं लागतं. रेघा काढल्या, सर्वात जास्त फायद्याचा कोपरा सापडला. उत्तर आलं, सगळा अरवाच काढा.

तात्याजी खूश. मग वाळवणीच्या अकरा बायांना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगतो, असं ते सहज म्हणाले. मी आलेख पुन्हा पुढे ओढला. आलेखात बाया कुठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी जंगलाकडे जाणारी बैलगाडी मी तशीच जाऊ दिली आणि अंगणात गेलो. भागरताबाई, वाळवणीची मुख्य, पायांनी धान परतत होत्या. मी चाचरत सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मला चाळणीपाशी नेलं आणि माझ्या एका तळहातावर अरवा, दुसऱ्यावर उकडा ओतला. अरव्यात निम्मे दाणे तुटलेले होते.

"तुमची रेघ बराबर असन, भाऊ. पण कणी किती पडते, थे कुठी लिवलं?"

लिहिलं नव्हतं. दोन्हीकडे अख्खा तांदूळ सारखाच धरला होता, आणि कणीला तर भाव कमी. ती दुपार मी चाळणीपाशी वजनं करण्यात घालवली आणि आलेख नव्याने काढला. कोपरा सरकला. अंगणात मावेल तेवढा उकडा, उरलेल्या वेळात अरवा. बाया राहिल्या. कणीचं आधी का सांगितलं नाही, असं तात्याजींना विचारलं.

"मले वाटलं, एवढे शिकलेले, तुम्ही थे धरलंच असन," ते शांतपणे म्हणाले.

जंगल जाता-येता गाडीतूनच काय ते दिसलं. नागपूरला अहवाल दिला. त्याच्या शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्यांत पहिलं नाव भागरताबाईंचं होतं. प्राध्यापकांनी चष्मा वर करून विचारलं, या बाई कुठे शिकवतात?

"मूलला," मी म्हणालो, "गिरणीच्या अंगणात."

पुढे कितीतरी कारखान्यांच्या आखण्या केल्या. तुम्हीही असल्या कामाला कुठे निघालात, तर कागद नंतर काढा. आधी हातात माल घ्या.