एकोणीस शब्दांचा जावई

कोटाच्या खिशात कागद ठेवून सासुरवाडीला जेवायला बसू नये, एवढं एकच शहाणपण मी आयुष्यात स्वतःच्या अनुभवातून मिळवलेलं आहे.

तेव्हा मी जऊळक्याच्या शाळेत मास्तर होतो आणि सासुरवाडी मेडशीला. तिथं माझा एक वैरी होता. धाकटी मेव्हणी शांता, वय वर्षं तेरा, मराठी चौथी पास! आम्हा दोघांना एकच नाद. एक लांबलचक शब्द घ्यायचा, त्यातली अक्षरं उलटसुलट जुळवून लहान शब्द काढायचे. ज्याचे जास्त, तो जिंकला. मागच्या दिवाळीत तिनं मला सगळ्या घरादेखत तीनदा हरवलं होतं. (मास्तर मी! छडी माझ्या हातात!)

त्या वर्षी अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. मी आठ दिवस शब्दकोश घेऊन बसलो. 'कमलनयन' या एका शब्दातून एकोणीस शब्द काढले, क्रमवार लिहिले, घोकले आणि कागद कोटाच्या खिशात घातला. बैलगाडीत बायकोला, इंदूला, बजावलं, "शब्द कोणता घ्यायचा असं निघालं, की तू कमलनयन म्हण. महिना देवाचा, नावही देवाचं. कुणाला संशय यायचा नाही."

(मी तेव्हा घरीदारी पुस्तकी मराठी बोलत असे. तेवढीच ऐट!)

"अन् हे बरं दिसते का?" इंदू म्हणाली.

"नवरा हरलेला बरा दिसतो का?"



अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! पुरणाचे धोंडे तुपात बुडवून सासूबाई वाढत होत्या. नववा धोंडा माझ्या तोंडात असताना त्या म्हणाल्या, "जवाईबापू, इंदीले नागपंचमीलोग राहू द्या जी. दोन वर्षं झाले, लेक चार दिवस माह्याजवळ राह्यली नाई."

"आणि नागपंचमीपर्यंत माझ्या जेवणाचं काय?" मी भरल्या तोंडानं विचारलं. नऊ धोंडे खाल्लेला माणूस असं विचारू शकतो, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

शांता लगेच पुढं सरसावली. "मंग खेळून पाहू, भाऊजी! मी जितली तं ताई राहीन. तुमी जितले तं उद्याच घेऊन जा."

"मंजूर!"

ओसरीवर शेजारचे रहीमचाचा शिंपी सासऱ्यांच्या बंडीला काज करत बसले होते. घरात घड्याळ नव्हतंच. ते म्हणाले, "माह्यं एक काज होईस्तोवर टाइम. काज झालं का पाट्या खाली!"

"शब्द इंदीच देईन," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याच राहण्याचा सवाल हाये."

इंदू तुपाचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं आईकडं पाहिलं, शांताकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कमलनयन," ती हळूच म्हणाली.

आणि मी गाढव मनात म्हणालो, काय हुशार बायको मिळाली आहे!

माझी पेन्सिल पाटीवर धावत सुटली. कमल, कलम, नमन, मनन, मलय, यमक, यमन... काज संपलं. शांताचे नऊ शब्द झाले, माझे एकोणीस. शांता पाटी पुसायची सोडून डोळे पुसू लागली. सासूबाई "बरं" एवढंच म्हणाल्या आणि इंदूचं गाठोडं बांधायला आत गेल्या. सासरे छताकडं बघत बसले. जिंकल्याचा आनंद त्या घरात एकट्या मलाच झाला होता, म्हणून मी तो दोघातिघांपुरता करून घेतला. कोट चढवला, छाती फुगवली, आणि मधली गुंडी तुटून टण्णकन् सासऱ्यांच्या लोट्यावर आपटली!

"लाओ मास्टर, आता लावून देतो," चाचा म्हणाले. मी ऐटीत कोट काढून दिला. चाचांनी तो झटकला. "हे खिशातलं घ्या. कामाचा कागद असंन."

तो शांतानं घेतला.

वर ठळक अक्षरांत 'कमलनयन'. खाली एकोणीस शब्द, पाटीवर होते त्याच क्रमानं. आणि तळाशी लाल शाईत, माझ्याच हातचा शेरा : "शाबास! दहापैकी दहा." (सवय हो! कागद दिसला की तपासायचाच!)

"ताई," शांतानं विचारलं, "तुले मालूम होतं?"

इंदूनं मान खाली घातली. मला त्या लोट्यात बुडी मारावीशी वाटली. सासऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या.

"कोणी काई बोलू नका! धोंड्याचा महिना हाये. जवाई देवाच्या जागी हाये."

आणि त्या माउलीनं मला पाटावर बसवून कुंकू लावलं, ओवाळलं, तेहतीस अनारशांचं ताट दिवा लावून हातात दिलं. चार जोडे मारले असते तर मी आभार मानले असते. शांतानं वाकून नमस्कार केला आणि अगदी अदबीनं म्हणाली, "भाऊजी, तुमच्या यादीत एक शब्द राह्यला. नकल."

माझं पुस्तकी मराठी जागच्या जागी गळालं. "इंदू राहीन जी," मी जमिनीकडं पाहत म्हणालो. "नागपंचमीलोग."

दुसऱ्या दिवशी गाडीपाशी मी इंदूला विचारलं, "तुले दुसरा शब्द देता आला नसता काय?"

"आला असता. पण मंग तुमी हरले असते. मायच्या घरी तुमची फजिती मले पाहवली नसती." तिनं अनारशांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "आता तं पाह्यलीच."

त्यानंतर मी रोज करपलेली भाकरी आणि अनारसे खाल्ले. हे कुणाला सांगण्याचं तोंड मला नव्हतं.

नागपंचमी झाली, इंदू परत आली, पण मेडशीहून येणाऱ्या पत्रांवर शांता पत्ता लिहायची : 'कमलनयन मास्तर, जऊळका'. पहिलं पत्र आलं तेव्हा मी पोस्टमनला ठणकावून सांगितलं, "या नावाचा इसम इथं राहत नाही!"

आतून इंदू ओरडली, "हायेत जी, घरीच हायेत!"

आता पोस्टमन विचारत नाही. लांबून "कमलनयन!" अशी हाक मारतो, आणि मी 'ओ' देतो.