चारानंतर सहा

गल्लीतली धट्टीकट्टी माणसं सिस्टर समोरून येताना दिसल्या की डावा दंड चोळतात. पोलिसात असलेला चोळतो, बँकेतली मोठी साहेबीण चोळते, बेकरीवाला तर पिठाचे हात तसेच दंडाला लावतो. त्यांना ते कळतही नाही, हात आपोआप जातो. पोरं एवढाही वेळ घालवत नाहीत. ‘टोचणीबाई आली’ म्हणतात आणि धूम ठोकतात.

गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांचं लसीकरण केंद्र आहे. बाहेर एक लांब बाक, आत बर्फाची पेटी, टेबलावर निळा ट्रे आणि कापसाचा डबा. तिथे सिस्टरांनी एकतीस वर्षं लोकांची लेकरं रडवली आणि त्या एकतीस वर्षांत गल्लीतलं एकही मूल गोवरानं दगावलं नाही. हे त्या कुणाला ऐकवायला जात नसत. पण अडुसष्टाव्या वर्षीही त्यांची मान ताठ होती ती काही उगीच नव्हे.

त्यांची टोचायची रीत मात्र कुठल्या पुस्तकातली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पाच वर्षांच्या पैलवानानं लाथ मारून त्यांचा ट्रे उडवला होता. पोराचा बाप त्याला धरून घामाघूम, बाहेर बाकावरच्या आया कावऱ्याबावऱ्या. सिस्टर नवख्या होत्या. “दहा मोजते, तेवढ्यात संपेल,” म्हणाल्या आणि घाबरून “एक, दोन, तीन, चार, सहा” असं मोजून बसल्या. पोरगं भोकाड अर्ध्यावर सोडून ओरडलं, “पाच राहिले!” चूक दाखवण्याच्या नादात त्याचा दंड सैल पडला आणि सुई आत जाऊन बाहेरही आली. सैल दंडाला कमी दुखतं हे पुस्तकात होतं. दंड सैल कसा करायचा हे पुस्तकात नव्हतं.

त्या दिवसापासून सिस्टर रोज चुकू लागल्या. “दुखणार नाही” असं खोटं त्या कधी बोलल्या नाहीत. “दुखेल. थोडंसं. मी मोजते,” एवढंच म्हणायच्या आणि चारानंतर सहा. तान्ह्या बाळांना आकडे कुठले, पण तिथे त्यांच्या आया चूक काढायच्या. आईची मिठी सैल झाली की बाळही सैल व्हायचं. अशी हजारो वेळा त्यांनी पाचाला सुट्टी दिली होती.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. नवरा त्याआधीच गेलेला, मुलगा दूरच्या शहरात. सिस्टर दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मागच्या वर्षी भाजीची पिशवी घेऊन चढताना पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. वीस मिनिटं त्या वळणावरच्या पायरीवर बसून राहिल्या, पण हाक म्हणून मारली नाही. शेवटी तळमजल्यावरच्या वायरमननं पाहिलं आणि पाठुंगळी घेऊन त्यांना वर पोचवलं. हा वायरमन म्हणजे एके काळचं त्यांचं सर्वांत मोठ्ठ्यानं रडणारं गिऱ्हाईक.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन आला.

“सिस्टर, आम्ही दोघं बोललोय. तुम्ही आमच्या खोल्यांत या खाली. आम्ही येतो वर. आमचे पाय शाबूत आहेत.”

“आणि तुमची टिल्ली? तीन वर्षांची पोर रोज दोन मजले चढणार?”

“ती तर चढतेच. दिवसातनं दहा वेळा गच्चीवर असते,” बायको म्हणाली.

“नको रे बाबा. मला कुणाचं मिंधं राहायचं नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि विषय संपवला. मनातलं खरं कारण वेगळंच होतं. ज्यांना आपण रडवलं, जे आपल्याला पाहून अजून दंड चोळतात, ते भिडेखातर बोलतायत, असं त्यांना वाटलं. भिडेखातर मिळालेलं घर कसलं घ्यायचं?

मुलानं मग साठीपुढच्यांची वसाहत शोधली. सिस्टरांची थोरली बहीण दोन वर्षांपासून तिथेच राहत होती आणि खरोखर मजेत होती. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, आठ दिवस राहून तर बघ. नाही आवडलं तर मी एक शब्द बोलणार नाही.” मुलगा गुणाचा होता, आणि गुणाच्या मुलाला नाही म्हणणं फार कठीण.

वसाहत नावं ठेवायला जागा नसलेली होती. जिना नावालाही नाही. न्हाणीघरात हाताशी कठडे, बाकांना पाठी, दाराशी डॉक्टर, पोहायला तलाव, वाचायला खोली. साठीच्या आतल्या माणसाला राहायची परवानगी नाही. नातवंडांना वर्षातून दहा दिवस, तेही फाटकावर नाव लिहून. शांतता इतकी की स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून सिस्टरांनी दोनदा मागे वळून पाहिलं. त्यांना पाहून कुणी पळालं नाही. कुणी दंड चोळला नाही. पहिले दोन दिवस त्यांना ते फारच आवडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या व्यायामात आकडे मोजायची पाळी त्यांच्यावर आली. हात वर, हात खाली. सिस्टरांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, “एक, दोन, तीन, चार, सहा,” आणि सवयीनं क्षणभर थांबल्या.

कुणीच काही बोललं नाही. चाळीस माणसं हात वर धरून उभी होती. एकालाही पाच आठवू नये? आठवला होता हो, सगळ्यांना आठवला होता. पण ती सभ्य माणसं होती. शेजारचे निवृत्त न्यायाधीश हळूच म्हणाले, “होतं असं. आपलं वयच आहे.”

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुन्हा पाच गाळला, बघू या आज तरी कुणाला तोंड फुटतंय का म्हणून. तोंड कुणालाच फुटलं नाही. फुटली ती बातमी. दुपारी व्यवस्थापिका हातात कागद घेऊन त्यांच्या खोलीत आली. मुलगी गोड होती, आवाज त्याहून गोड.

“आजी, आज वार कोणता?”

“तू कामावर आलीस म्हणजे रविवार नाही. गुरुवार.”

“मी तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवायचे हं. छत्री, घोडा, पितळ.”

सिस्टरांनी छत्री, घोडा, पितळ सरळ सांगितलं, उलटं सांगितलं, वर त्या मुलीच्या चौकटीच्या सदऱ्याची तिसरी गुंडी सैल आहे हेही सांगितलं. मग त्यांनी तिला पाचाची सगळी हकीकत समजावली. ती ऐकून मुलगी समजूतदारपणे हसली. समजूतदार हसण्याइतकं चिडवणारं जगात दुसरं काही नाही. तिनं मुलाला फोन केला, तर तोही पोट धरून हसला. तेव्हा तिनं कागदावर लिहिलं, ‘आकडा गाळतात. घरचे गांभीर्याने घेत नाहीत. लक्ष ठेवावे.’

रात्री थोरली बहीण म्हणाली, “अगं, म्हण की सरळ पाच. काय बिघडतं?”

“ताई, एकतीस वर्षांत तेवढं एकच मी स्वतः शोधून काढलेलं आहे.”

“पण इथं कुणाला टोचायचंय तुला?”

घरी परत येताना सिस्टरांनी गाडीत बसून दोन्हीकडचा विचार केला. तिथे आजारपणाची काळजी नाही, बहीण आहे. इथे दोन मजले, पाण्याची बोंब, खिडकीवर आपटणारे चेंडू आणि आपल्याला पाहून पळणारी पोरं. तिथे आपल्याला विसरभोळी समजतात, इथे हडळ. विसरभोळीला निदान कठडे तरी आहेत! त्यांनी मुलाला कळवून टाकलं की येते, ट्रक ठरव.

जायच्या दिवशी मुलगा पहाटेच येऊन पोचला. सामान फारसं नव्हतं, पण सोफा होता. नवऱ्यानं हौसेनं सुताराला घरी बसवून अख्ख्या लाकडाचा करून घेतलेला, तीन माणसं बसतील आणि सहा माणसांना उचलणार नाही असा. खालच्या अंगाला वायरमन, बेकरीवाला आणि ट्रकचा ड्रायव्हर लागले, वरच्या अंगाला मुलगा. पहिल्या मजल्याच्या वळणावर सोफा अडकला तो अडकलाच. ना खाली, ना वर. दारादारांतून माणसं बाहेर आली. प्रत्येकाकडे सल्ला होता, हात कुणाकडेच रिकामा नव्हता. सिस्टर वरच्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. सोफ्याच्या पाठीमुळे त्या कुणाला दिसत नव्हत्या.

“एकदम उचलायचा, तिरका करून,” मुलगा धापा टाकत म्हणाला. “मी मोजतो. एक, दोन, तीन, चार, सहा!”

“पाच राहिले!” अख्खा जिना ओरडला. वायरमन ओरडला, बेकरीवाला ओरडला, दारातल्या आजीबाई ओरडल्या, रस्त्यावरून पोलिसाचाही आवाज आला. सोफा सुटून भिंतीपासून वेगळा झाला. ड्रायव्हर परका होता, तो नुसता बघत राहिला. आणि सगळ्यांचं ओरडून झाल्यावर अगदी खालच्या पायरीवरून एक बारीक आवाज उशिरानं आला, “पाच लाहिले!”

सोफा खाली टेकला आणि त्याच्या पाठीमागे सिस्टर दिसल्या. गुरुजींची नक्कल करताना गुरुजीच दारात उभे राहावेत, तशी सगळ्यांची तोंडं झाली. बेकरीवाल्याचा हात दंडाकडे गेला.

“हे काय?” सिस्टरांनी विचारलं.

वायरमन म्हणाला, “सिस्टर, चेष्टा नाही हो. आम्ही असंच मोजतो. पहिल्यापासून. काही जड उचलायचं असलं, काही दुखणार असलं, की असंच. तुमच्यासमोर नाही मोजत, तुम्हाला वाटायचं खोड काढतायत.”

“माझं बोट भट्टीत भाजलं ना,” बेकरीवाला म्हणाला, “तेव्हा बायकोनं असंच मोजून मलम लावलं.”

“बाळंतपणात मोजलं मी,” वायरमनची बायको म्हणाली. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गल्लीतल्या सगळ्याच बायका अशा कशा मोजतात?”

सिस्टरांनी मुलाकडे पाहिलं. “तू पण?”

“दाताच्या डॉक्टरकडे मीच माझी चूक काढतो, आई,” मुलगा ओशाळून म्हणाला. “तुला माहीत असेल असंच वाटत होतं मला.”

सिस्टरांना माहीत नव्हतं. त्यांच्या समोरून दंड चोळत जाणारी ही माणसं एकमेकांची दुखणी सिस्टरांच्याच रीतीनं पार पाडत होती. आणि खाली उभी असलेली टिल्ली? ती जन्मली तेव्हा सिस्टरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तिला त्यांची सुई ठाऊक नव्हती, चूक मात्र तोंडपाठ होती. सिस्टरांचा ऊर अभिमानानं असा भरून आला की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला, आणि तो त्यांनी कुणाला न लाजता लावला.

मग त्यांनी घसा खाकरला. केंद्रावर बाकावरची गर्दी गप्प करायच्या तोच आवाज.

“वायरमन, तू खोल्या बदलायचं म्हणाला होतास. ते बोलणं अजून आहे की गेलं?”

“आहे म्हणजे? आत्ता आमचं सामान वर चढवतो!”

“मग सोफा ट्रकात नको. तळमजल्यावर, खिडकीपाशी.”

मुलानं तोंड उघडलं, पण ‘एक शब्द बोलणार नाही’ हे त्याचंच वचन होतं. तो सोफ्याकडे वळला. ड्रायव्हरला बेकरीवाल्यानं चहाला नेलं. सिस्टरांनी पायरीवरूनच बहिणीला फोन लावला.

“ताई, मी येत नाही गं.”

“का? डोकं फिरलं का तुझं?”

“तुमच्याकडे तसं लिहून ठेवलंय खरं. इथे नाही तसं. आठवड्याला भेटायला येईन.”

जिना मोकळा झाला. आता सिस्टरांना तेवढं उतरायचं होतं. गुडघा ठणकत होता आणि वळणावरची पायरी तीच, जिथे पाय घसरला होता. त्या कठडा घट्ट धरून थांबल्या. टिल्ली धावत वर आली आणि तिनं त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट पकडलं.

“दुखेल,” टिल्ली गंभीरपणे म्हणाली. “थोलंसं. मी मोजते. एक, दोन, तीन, चाल, सहा...”

“अगं, पाच राहिले!” सिस्टर म्हणाल्या, आणि बघतात तो पायरी उतरून झाली होती.