करंगळीच्या पेराएवढं

पाटणच्या स्टँडवर पप्पांनी माझी बॅग खाली ठेवली, फलाटाला लागलेल्या गाडीकडं हनुवटी केली आणि म्हणाले, "वाच बगू." मी वाचलं, "स्वारगेट." त्यांनी मान हलवली आणि बॅग उचलली. मला त्यात नवं काही वाटलं नाही. मला कराडच्या इंग्लिश मीडियममध्ये घातल्यापासून ते हेच करत आले होते. फौजेतून सुट्टीवर आले की दुकानाची पाटी, लग्नपत्रिका, औषधाची बाटली, जे दिसेल ते माझ्यापुढं धरायचे, पोरीचं मराठी जाऊ नये म्हणून. चारचौघांत मोठ्यानं वाचताना मला जमीन पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. त्या दिवशी मात्र मी न कुरकुरता वाचलं. पुढच्या सगळ्या पाट्या इंग्रजीतच असणार होत्या.

आता मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, दूध तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. बोलण्यात मी फारशी नाही, त्यामुळे सुरुवातीचे दिवस फ्लॅट, लॅब आणि सुपरमार्केट एवढ्यातच गेले. मग लॅबमधली मार्गारेट, निवृत्तीला आलेली बाई, मला ट्राउट मासे धरायला नदीवर न्यायला लागली. तिथं बोलावं लागत नाही, एवढ्या भरवशावर मी गेले.

तिकडं गळाला गांडूळ नसतं, पिसांची बारकी खोटी माशी असते. ती पाण्याखालून वाहत जाते. ट्राउट ती तोंडात घेतो आणि फसवणूक कळली की लगेच थुंकतो. तेवढा एक क्षण वर कळावा म्हणून दोरीला तरंगणारी खूण बांधतात. मार्गारेट तिला इंडिकेटर म्हणते. मेंढीच्या लोकरीचा झुपका घ्यायचा, जुन्या टूथब्रशनं विंचरायचा, दोरीच्या फासात आवळायचा, कात्रीनं छाटायचा आणि पाणी धरू नये म्हणून त्याला मेण चोळायचं. पांढरा झुपका फेसासारखा दिसतो म्हणून मासा बुजत नाही, पण फेसात तो आपल्यालाही सापडत नाही. सावलीत नारिंगी बरा, पाणी चकाकत असेल तर काळा. आणि जमेल तेवढा लहान, कारण नितळ पाण्यात मोठा झुपका धपकन पडला की मासे पसार.

हे शेवटचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. कोयनेवर पप्पा गळाच्या दोरीला शाळूच्या ताटातलं भेंड, ज्वारीच्या धांड्यातला तो हलका गाभा, बांधायचे, करंगळीच्या पेराएवढं. कुणी त्याहून मोठं बांधलेलं दिसलं की म्हणायचे, "मासं धरतुयास का म्हशी हाकतुयास रं?"

मी माझ्या पहिल्या इंडिकेटरचा फोटो पाठवला, तेव्हा म्हणाले, मेंढरूच बांधलंस की गं. पण नंतर बराच वेळ विचारत राहिले. चकाकत्या पाण्यावर काळं खरंच दिसतं का, किती लांबून दिसतं. फोनवर "जेवलीस का" च्या पुढं ते सहसा जात नाहीत. मी खूश होते.

मग एका रविवारी आईनं व्हिडिओ कॉलवर फोन त्यांच्याकडं फिरवला. पप्पा सोप्यात बसून भेंड करत होते. ते भेंड नव्हतंच. जुन्या स्लीपरचा लिंबाएवढा तुकडा, वर लाल ऑइलपेंट. आई सांगत होती, हल्ली रोज मोकळ्या हातानं येतात, नदीत मासाच राहिला नाही म्हणतात.

मला स्टँड आठवला. मी म्हटलं, "पप्पा, समोर कॅलेंडर आहे ना? महिना कुठला लागलाय? वाचा बघू."

"तूच वाच की. इंग्लिश मीडियमची तू."

"मला इथून दिसत नाही."

त्यांनी तुकडा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला बी न्हाई दिसत."

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. साताऱ्याच्या डॉक्टरांनी माझा व्हिसा यायच्या आधीच सांगितलं होतं. पप्पांनी ते आईलाही कळू दिलं नव्हतं. "तवा सांगितलं असतं तर तू गेली असतीस व्हय?" आता तरी ऑपरेशन करा म्हटलं, तर "बगू" म्हणाले. सीमेवर राहिलेला माणूस डोळ्याला सुई लागणार म्हटल्यावर घाबरला होता, आणि रोज थोडं थोडं कमी बघत होता. मी रजा काढली.

तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब आहेत, त्यांना एवढंच सांगते. फोनवर सगळं बरंच असतं. घरात काय मोठं मोठं होत चाललंय, ते बघा.

एक डोळा माझ्या रजेतच झाला. टेबलावर जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आम्ही कोयनेवर गेलो. मी लोकरीचे झुपके नेले होते, काळे, नारिंगी, पांढरे. त्यांनी एकेक उजेडात धरून पाहिला, बरे आहेत म्हणाले आणि शाळूचं ताट सोलायला घेतलं. करंगळीशी मापून भेंड कापलं. ते बुडालं, तेव्हा त्यांना माझ्याआधी दिसलं.

परतीच्या दिवशी पाटणच्या स्टँडवर गाडी लागली. मी सवयीनं पाटीकडं वळले, तेवढ्यात पप्पाच म्हणाले, "स्वारगेट." मग शेजारच्या गाडीची पाटी, कँटीनचा फळा, भिंतीवरची सूचना, सगळं वाचत सुटले, मोठ्यानं, चारचौघांत. लोक वळून बघायला लागले. मला लाज वाटली, लहानपणी वाटायची तीच. तशी ती मला दुसऱ्या कुठल्याच गावात वाटत नाही. घर कुठलं, हे मला आता त्यावरून कळतं.