बाबांच्या नावावरचं सिम

माझा फोन हरवला तो बाबा गेले त्या दिवशी. संभाजीनगरच्या दवाखान्यात वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर राहिला, की अँब्युलन्समध्ये सीटखाली गेला, की सह्या करताना काउंटरवर ठेवला, ते आजही सांगता येणार नाही. भोकरदनला घरी पोचेपर्यंत मला तो आठवलाही नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, तुझा नंबर बंद लागतोय. मी बरं म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. कोणी चहा हातात दिला की प्यायचा, कोणी जरा सरक म्हटलं की सरकायचं.

बाबा पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत गुरुजी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बाजारात कोणी ना कोणी त्यांच्या पाया पडायचं आणि त्यांना ते आवडायचं नाही. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. ही कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबना सॉफ्टवेअर पुरवते. पेशंटचे रिपोर्ट क्लाउडवर असतात, म्हणजे दूर कुठंतरी असलेल्या मोठ्या संगणकांवर भाड्यानं घेतलेल्या जागेत. तिथं कोणी आत जायचं, कोणी नुसतं बघायचं, कोणी बदल करायचा, हे बघणं माझं काम. आलेल्या पाहुण्यांना बाबा सांगायचे, पोरगी किल्ल्या सांभाळते. पाहुण्यांना ते बँकेतलं काम वाटायचं, आणि बाबा तो समज दूर करायचे नाहीत.

जलदान विधी, म्हणजे आम्हा बौद्धांमध्ये गेलेल्या माणसासाठी करतात तो, रविवारी होता. अंगणात मंडप टाकला होता, नातेवाईक सकाळपासून येत होते, बायका पांढऱ्या साड्यांमध्ये ओट्यावर बसल्या होत्या. भंतेजी यायचे होते. मी आईजवळ बसले होते. तेवढ्यात भाऊ आला आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरून हळूच म्हणाला, तुझ्या ऑफिसचा आहे, सकाळपासून तिसऱ्यांदा येतोय.

फोनवर माझ्या वरिष्ठ बाई होत्या; बाबा गेल्याचं मी त्यांना भावाच्याच फोनवरून कळवलं होतं. त्यांनी आधी माफी मागितली. मग सांगितलं की सकाळपासून एकाही लॅबला रिपोर्ट उघडत नाहीत. पेशंट काउंटरवर थांबलेत, एका ठिकाणी तर ऑपरेशन अडलंय. पुण्यातल्या आमच्या कोणालाच आत जाता येत नाही. ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर एकच उत्तर, तुम्हाला परवानगी नाही. "तू घरून काम करतेस, तुझं खातं ऑफिसच्या गटात नाहीये," त्या म्हणाल्या. "तू एकटीच आत जाऊ शकशील असं वाटतं."

मी आतल्या खोलीत गेले. पलंगावर पाहुण्यांच्या पिशव्या होत्या, त्या बाजूला करून लॅपटॉप उघडला. पासवर्ड बरोबर लागला. त्यानंतर सहा आकडी कोड मागितला. तो कोड दाखवणारं अॅप माझ्या फोनमध्ये होतं. खाली दुसरा मार्ग होता, नोंदवलेल्या नंबरवर मेसेज पाठवू का. मी हो केलं. मेसेज गेला. तो कुठं जाऊन पडला कोण जाणे.

मी वरिष्ठ बाईंना सांगितलं की माझ्याकडे फोन नाही. त्यांनी शेजारी कोणाला तरी विचारलं. मग म्हणाल्या की कंपनीच्या मालकांकडे सगळ्यांत वरचं खातं आहे, पण त्याची चावी ऑफिसच्या तिजोरीत ठेवलेली आहे आणि मालक पुण्याबाहेरून यायला निघालेत. तोवर दुसरं सिम मिळतंय का बघ.

भावानं गाडी काढली. आईला काही सांगितलं नाही. मी पांढऱ्या साडीतच मागं बसले.

स्टँडजवळ मोबाइलचं नवं दुकान झालंय. दुकानदार मारवाडी, पण त्याचं बोलणं आमच्यापेक्षा जास्त इथलं. मी नंबर सांगितला, सिम हरवलंय म्हणाले, त्याच नंबरचं दुसरं पाहिजे. त्यानं संगणकात नंबर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हे तुमच्या नावावर न्हाई."

मग त्यानं बाबांचं पूर्ण नाव वाचलं. हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मी कॉलेजसाठी घराबाहेर पडले तेव्हा बाबांनी स्वतःच्या कागदपत्रांवर ते सिम घेऊन दिलं होतं. तेव्हापासून तोच नंबर. नोकरी लागली, बँकेत खातं उघडलं, क्लाउडच्या खात्याला जोडला, तोच.

"कोण लागतात तुमचे?" दुकानदारानं विचारलं.

"वडील."

"मंग त्यांनाच घेऊन या. अंगठा त्यांचाच लागतो."

"ते गेले," मी म्हणाले.

"कुठं, गावाला? कधी येतील?"

भाऊ गाडीवरच बसला होता, त्याला हे ऐकू जात नव्हतं. मी दुकानदाराला म्हणाले, "आता येणार न्हाईत." त्यानं माझ्या साडीकडे पाहिलं, मग बाहेर भावाच्या डोक्याकडे. भावानं केस काढले होते. दुकानदार स्टुलावरून उठून उभा राहिला. त्यानं काउंटरवरून पाण्याची बाटली पुढं सरकवली आणि आपल्याला बिलकुल कल्पना नव्हती म्हणाला. मी म्हणाले, असू द्या. मग त्यानं नीट समजावून सांगितलं. मृत्यूचा दाखला लागेल, वारसांची संमती लागेल, आणि दाखला हातात यायलाच काही दिवस जातील. आज काहीच करता येणार नाही. तो ते बोलत होता आणि मला सगळं कळत होतं. माझंही रोजचं काम हेच आहे. तुम्ही तुम्हीच असाल, पण ते सिद्ध करता आलं पाहिजे, हे मी किती लोकांना सांगितलं असेल. त्या वेळी मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि आम्ही परत आलो.

घरी बुद्धवंदना सुरू झाली होती. माझी जागा रिकामी होती आणि आई त्या जागेकडे बघत होती. मी जाऊन बसले. हात जोडले. सगळ्यांबरोबर म्हणत गेले, तोंडपाठ असल्यामुळे कुठं अडलं नाही. भंतेजी बाबांबद्दल बोलले. त्यांचं बोलणं संपायच्या आधीच भावानं दारातून खूण केली.

मालक ऑफिसला पोचले होते. बिघाड शोधणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, पण त्यांना माझ्या खात्यावरची फोनची अट काढून टाकता येणार होती, म्हणजे मला दुसऱ्या फोनवर नव्यानं कोड जोडता आला असता. पण आमच्याकडे नियम आहे, आणि तो लिहिताना मीही होते. अट काढण्याआधी त्या माणसाची ओळख पटवायची, ती व्हिडिओवर, आणि पटवणारा त्याच्या ओळखीचा नसावा. म्हणून सुरक्षेचं काम बघणारे एक गृहस्थ जोडले गेले. मी त्यांना कधी भेटले नव्हते. वरिष्ठ बाईही होत्या, पण त्यांनी बोलायचं नव्हतं.

त्या गृहस्थांनी मला ओळखपत्र चेहऱ्याजवळ धरायला सांगितलं. मी धरलं. ओळखपत्रावरच्या फोटोत मी हसतेय. त्यांनी जरा उजेडात या म्हटलं, मी खिडकीपाशी गेले. मग नोंदीतली जन्मतारीख विचारली, रुजू झाल्याचं वर्ष विचारलं. शेवटी म्हणाले, "अडचणीच्या वेळी आम्ही कोणाला फोन करावा असं तुम्ही लिहून दिलंय, त्यांचं नाव आणि नातं सांगा."

मी बाबांचं नाव सांगितलं. वडील, असं सांगितलं.

"बरोबर," ते म्हणाले.

वरिष्ठ बाईंनी कॅमेरा बंद केला. त्या गृहस्थांना बहुधा काही माहीत नव्हतं. त्यांनी धन्यवाद दिले आणि ते निघून गेले.

भावाचा फोन घेऊन मी त्यावर नवा कोड जोडला आणि आत गेले. आत गेल्यावर हात आपोआप चालू लागले. काय घडलंय ते सापडायला फार वेळ लागला नाही. आदल्या रात्री कोणीतरी सुरक्षा वाढवायची म्हणून एक नियम लावला होता: ऑफिसच्या नेटवर्कबाहेरून येणाऱ्याला आत घेऊ नये. कल्पना चांगली होती, पण नेटवर्कचा पत्ता लिहिताना एक आकडा चुकला होता. त्यामुळे ऑफिसच ऑफिसच्या बाहेर ठरलं. पुण्यातली माणसं अडली, आणि लॅबना रिपोर्ट नेऊन देणारं आमचं सॉफ्टवेअरही अडलं. मी घरून काम करते म्हणून मला त्या नियमातून वगळलं होतं. या कामात एक गोष्ट पक्की असते. परवानगी दहा ठिकाणी लिहिलेली असली आणि नकार एकाच ठिकाणी असला, तरी चालतो तो नकारच. म्हणून नवी परवानगी देऊन उपयोग नसतो, नकार शोधून काढावा लागतो. मी तो नियम काढला आणि पुण्यातल्या सहकाऱ्याला आत जाऊन बघ म्हटलं. तो गेला. थोड्या वेळानं वरिष्ठ बाईंचा मेसेज आला की रिपोर्ट उघडायला लागले, ऑपरेशनवाल्यांनाही मिळाला. खाली लिहिलं होतं, आता लॅपटॉप बंद कर.

अशा वेळी एरवी मला फार बरं वाटतं. उठून घरभर फिरते, आईला नको असलेली माहिती सांगते. त्या दिवशी मी स्क्रीनकडे बघत राहिले. चौकटीत हिरवी खूण आली होती. त्या ऑपरेशनच्या माणसाचा मी विचार करून पाहिला. त्याचे नातेवाईक आता पळापळ करत असतील, कोणीतरी पाण्याची बाटली आणायला गेलं असेल. मला ते सगळं दिसत होतं, पण काच लावलेल्या खिडकीतून दिसावं तसं.

दारात आई उभी होती. मागं मंडपात पंगत बसली होती, वाढणाऱ्यांचे आवाज येत होते.

"आत काय करून राह्यली तू?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी म्हणाले, लोकांचे रिपोर्ट अडकले होते.

"निघाले का?"

"निघाले."

"मंग चल, जेव." ती वळली, आणि परत थांबून म्हणाली, "त्यांनीबी हेच म्हणलं असतं, आधी काम कर म्हणून." मला तसं वाटत नव्हतं. बाबा म्हणाले असते, रविवारी कशाला. मी तिच्या मागं गेले. पंगतीत बसले आणि ताटातलं सगळं संपवलं.

दाखला हातात आला तेव्हा मी आईला घेऊन त्याच दुकानात गेले. तोवर आम्हाला कळलं होतं की घरातले सगळेच नंबर बाबांच्या नावावर आहेत. माझा, आईचा, भावाचा जुना, एवढंच काय, लग्न होऊन तीर्थपुरीला गेलेल्या आत्याचासुद्धा. आम्ही एकमेकांशी इतकी वर्षं जे बोललो ते सगळं त्यांच्या अंगठ्यावर चाललं होतं. दुकानदारानं आईला खुर्ची दिली. माझं सिम झालं, मी ते नव्या घेतलेल्या फोनमध्ये टाकलं. आईची बोटं मशीनवर उमटेनात. तिनं पदराला पुसली, पुन्हा ठेवली, तरी नाही. आयुष्यभर भांडी आणि राख, रेषा राहिल्यात कुठं, असं ती म्हणाली. दुकानदारानं तिचं दुसरं बोट घेतलं, मग तिसरं. ते चाललं. स्क्रीनवर आईचं नाव आलं आणि तो ते मोठ्यानं वाचून म्हणाला, बराबर आहे ना. आईनं मान हलवली आणि ती रडायला लागली. दुकानदारानं पंख्याचं तोंड तिच्याकडे केलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला अजून रडू आलं नव्हतं.

दोन्ही सिम चालू व्हायला वेळ लागला. आई तोवर शांत झाली, खुर्चीवरून उठली. दुकानदार म्हणाला, ताई, तुमच्या फोनवरून लावून बघा. मी लावला. आईचा बटणांचा फोन तिच्या हातातच वाजला. तिनं साठवलेले नंबर जुन्या सिमबरोबर गेल्यामुळे माझं नाव दिसत नव्हतं. तिनं माझ्याकडे न बघताच फोन कानाला लावला.

"हॅलो, कोण?"

"मी आहे, आई."

"बोल."

ती वाट बघत होती, आम्ही एकाच काउंटरला टेकून उभ्या होतो.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई, घरी गेल्यावर जेवीन. तू?"

"मीपण."

"बरं, ठेव मंग," ती म्हणाली. मी ठेवला. आम्ही बाजारातून मेथी आणि वांगी घेतली आणि चालत घरी आलो.